स्वमग्न कोण?

'ऑटिझम'साठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आणि निम्मा निकाल या शब्दानेच देऊन टाकला. स्वतःत मग्न म्हणजे इतरांच्या सुखदुःखाशी घेणेदेणे नसलेला! दोष केवळ मराठीचा नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'स्वतः' असाच आहे. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा भावनिक संपर्कातील बिघाड हे शब्द त्याच्या शीर्षकातच होते. पुढे १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या संशोधकांनी बाहुल्यांच्या खेळातून एक चाचणी घेतली. एका बाहुलीच्या माघारी गोटी दुसरीकडे लपवली, तर ती परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? २० स्वमग्न मुलांपैकी १६ चुकली. या मुलांना दुसऱ्याचे मन वाचता येत नाही, ही समजूत तेव्हापासून घट्ट झाली.

पण संवादाला दोन बाजू असतात. आपल्याला त्यांचे मन वाचता येते काय, हा प्रश्न कितीतरी वर्षे कोणी विचारलाच नाही. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने तो स्पष्टपणे मांडला. ते स्वतः स्वमग्न आहेत, हे महत्त्वाचे.

उत्तर मिळाले ते हालचालींच्या अभ्यासातून. जेनिफर कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रौढांना नुसता हात आडवा हलवायला सांगून त्याची मोजणी केली. स्वमग्न व्यक्तींच्या हालचालीत वेग अधिक आणि झटकेही अधिक आढळले. २०१६ मध्ये रोझॅना ईडी, कुक प्रभृतींनी दोन्ही गटांतील लोकांना दोन त्रिकोण हलवून चेष्टा, मनधरणी यांसारखे भाव दाखवायला सांगितले. स्वमग्न व्यक्तींनी हलवलेल्या त्रिकोणांतले भाव ओळखताना इतरेजन अधिक चुकले! इथे चेहरा नव्हता, शब्द नव्हते. होती ती केवळ गती.

असे का व्हावे? याच मंडळींच्या २०१७ च्या एका अभ्यासात त्याचा धागा सापडतो. माणूस दुसऱ्याच्या चालीतला राग किंवा दुःख स्वतःच्या चालीशी ताडून पाहतो. जो स्वतः भरभर चालतो, त्याला दुसऱ्याची रागाची भरभर चाल तितकीशी रागाची वाटत नाही.

बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे चटकन पटते. चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहायची, हा तिथला पहिला धडा. पण तिथे प्रत्येक खातेदाराचे नमुन्याचे कार्ड वेगळे असते. माणसे वाचताना मात्र आपण एकच कार्ड वापरतो, आणि तेही स्वतःचे. मग समोरच्याची सही जुळत नाही, असा शेरा मारून मोकळे होतो.

या शेऱ्याची किंमत मोठी आहे. अमेरिकेत नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वमग्न व्यक्तींना काही सेकंद पाहून किंवा ऐकूनच लोकांनी त्यांच्याविषयी प्रतिकूल मत बनवले. पण त्यांचे बोलणे नुसते कागदावर वाचायला दिले, तेव्हा ही प्रतिकूलता उरली नाही. म्हणजे खटकले ते विचार नव्हेत, आविर्भाव! आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांतही आहे. पण मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेले लोक पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवून टाकणार असतील, तर कायदा काय करील?

यावर कोणी म्हणेल, की ज्या घरात न बोलणारे, रात्ररात्र न झोपणारे मूल आहे, त्या आईबापांना हे त्रिकोण काय कामाचे? आक्षेप रास्त आहे. हे प्रयोग थोड्या, आणि बोलू शकणाऱ्या, प्रौढांवरचे आहेत. त्या घराला उपचार हवेत, मदतीचे हात हवेत, पैसा हवा. हालचालींचे गणित त्याची जागा घेऊ शकत नाही. पण त्याच आईला विचारा. मुलाने हात फडफडवले, तर तो आनंद की भीती, हे ती अचूक सांगते. तिने वर्षानुवर्षे पाहून त्याचे वेगळे कार्ड तयार केले आहे.

आईला जमते ते शाळेला, दवाखान्याला, मुलाखत मंडळाला थोडेतरी जमायला हवे. प्रश्न आधी लेखी द्यावेत, नजरेला नजर देण्याचे गुण धरू नयेत, न कळल्यास सरळ विचारावे. एवढेही करायची आपली तयारी नसेल, तर स्वमग्न हा शब्द नेमका कोणाला लावायचा?