गाडी पळाली हो... पण थांबली का?

मित्रांनो, मागच्या वर्षी वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लाईट जळत होता, ग्राइंडरची किरकिर चालू होती आणि हॉस्टेलमधल्या अभ्यासू मंडळींची झोपमोड होत होती. त्याबद्दल आधी जाहीर माफी! त्या शेडमध्ये आमची टीम रेसिंगची गाडी बनवत होती. एकाच माणसाची, उघडी, चार चाकांची. इंजिन अपघातात सापडलेल्या एका ड्यूक 390 चं, 373 सीसीचं, चाकणला तयार झालेलं. चेसिसचे पाइप औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून आणलेले, वेल्डिंग खामगावच्या एमआयडीसीत शिकून घेतलेलं. आणि माझ्याकडे काम होतं ब्रेकचं.

गाडी उभी राहिल्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच. मेसमध्ये पोट्टे विचारायचे, "किती पळते बे?" रेक्टर सरांनी विचारलं, "स्पीड किती घेते रे?" वॉचमन काकांनीही तेच विचारलं. वेगळा प्रश्न विचारला तो फक्त माझ्या आजोबांनी. आजोबा मेहकर तालुक्यातले, तरुणपणी शंकरपटात जोडी पळवलेले. दिवाळीत मी मोठ्या ऐटीत मोबाइलवर फोटो दाखवले, तर म्हणाले, "पयते कशी ते मले नको सांगू. थांबते कशी ते सांग." मी हसलो. म्हटलं, आबा, ब्रेक आहेत ना तिला, चारही चाकांना!

ते हसू पुढे महागात पडलं. आजचा हा लेख त्याचाच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनिअरिंगच्या मुलांनी स्वतः गाडी बनवून शर्यतीत उतरायचं, हा प्रकार अमेरिकेत सुरू झाला. खडबडीत रस्त्यावरच्या गाड्यांची 'बाजा' स्पर्धा 1976 ची, आणि ट्रॅकवरच्या गाड्यांची फॉर्म्युला स्पर्धा 1980 च्या सुमाराची. आपल्याकडे 2007 साली इंदूरजवळ पिथमपूरला बाजा सुरू झाली, 2011 साली चेन्नईजवळच्या ट्रॅकवर 'सुप्रा' सुरू झाली. फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. अशा फॉर्म्युला स्पर्धेत नुसतं पहिलं येणं नसतं. एकूण 1000 गुण. त्यातले 325 डिझाइन, खर्च आणि सादरीकरणाचे, आणि 675 गाडी चालवून दाखवण्याचे. 22 किलोमीटरच्या सहनशक्तीच्या फेरीला एकट्या 275 गुण! वेग बेताबाहेर जाऊ नये म्हणून इंजिनची सगळी हवा 20 मिलिमीटरच्या छिद्रातून, म्हणजे जवळपास रुपयाच्या नाण्याएवढ्या भोकातून घ्यावी लागते.

पण ट्रॅकवर जाण्याआधी तपासणी असते. गाडी 60 अंशांत आडवी कलवतात. चाक उचललं जाता कामा नये, तेलाचा थेंब सांडता कामा नये. चालकाला पट्टे सोडून 5 सेकंदांत गाडीबाहेर यावं लागतं. आणि शेवटी ब्रेकची परीक्षा: गाडी पळवायची, ब्रेक दाबायचा, चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत आणि गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे.

आमची गाडी टेम्पोत चढायच्या चार दिवस आधी पूर्ण झाली. चाचणी म्हणाल तर एकदाच, रात्री साडेअकराला, हॉस्टेलसमोरच्या रस्त्यावर, दोन मोटारसायकलींच्या हेडलाईटमध्ये, दोन चकरा. ब्रेक तपासले होते ते जॅकवर. चाक हाताने फिरवायचं, पेडल दाबायचं, चाक थांबलं की टाळ्या!

दक्षिणेतल्या त्या ट्रॅकवर पहिल्याच प्रयत्नात पुढची चाकं फिरत राहिली आणि मागची लॉक झाली. गाडी अर्धी वळून तोंड फिरवून उभी राहिली. तपासनीसांनी शांतपणे हात केला, पुन्हा या. आता यामागचं शास्त्र आम्हाला माहीत नव्हतं का? चांगलं पाठ होतं. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे जातो, म्हणून पुढच्या चाकांना जास्त ब्रेक लागतो. मागची आधी लॉक झाली तर गाडी फिरते. सेमिस्टर परीक्षेत यावर मी पूर्ण मार्क घेतलेत! पण पुढचा-मागचा वाटा ठरवणारा बॅलन्स बार आम्ही आयुष्यात पहिल्यांदा फिरवला तो तिथे, रांगेत उभे असताना. पेडल स्पंजासारखं लागत होतं, कारण लाइनमध्ये हवा होती. ती काढली, पुन्हा रांग. चौथ्या प्रयत्नात पास झालो तोवर प्रवेग आणि आठाच्या आकड्याची फेरी, दोन्हींची वेळ संपली होती. सहनशक्तीच्या फेरीत साखळीच्या स्प्रॉकेटचे बोल्ट ढिले झाले आणि सहाव्या किलोमीटरला खेळ खलास.

परतीच्या प्रवासात सगळे म्हणत होते, नशीब खराब. मी हिशेब करत होतो. ते बोल्ट सहा किलोमीटरमध्ये ढिले झाले. म्हणजे इथे आपल्या आवारात फक्त दहा किलोमीटर गाडी चालवली असती तरी ते इथेच कळलं असतं. एका पान्यात आणि दोन लॉक नटांत काम झालं असतं. यात नशिबाचा काय संबंध?

माझं म्हणणं एवढंच आहे: आपण गाडी बनवण्यालाच शिक्षण समजतो आणि चाचणीला उरलेलं काम. खरं तर उलट आहे. बनवताना आपण जे पुस्तकात वाचलं ते लोखंडात उतरवतो. ते खरं होतं की खोटं, हे चाचणीतच कळतं.

जर्नलचंच बघा ना. आपल्याकडे रीडिंग आधी आणि प्रयोग नंतर अशी थोर परंपरा आहे. (सर, राग मानू नका, तुम्हालाही माहीत आहे!) सिनियरचं जर्नल घ्यायचं, दशांश चिन्हानंतरचा एखादा आकडा बदलायचा, सबमिशन झालं. पण गाडीची रीडिंग कोणाच्या जर्नलवरून उतरवणार? तुमच्या गाडीचं वजन, तुमचे टायर, तुमचा चालक. दुसऱ्या कोणाकडेही ते आकडे नाहीत.

यावर हमखास उत्तर येतं की आपल्याकडे ट्रॅक कुठे आहे? मोठ्या शहरातल्या कॉलेजांचं ठीक आहे. मलाही असंच वाटायचं. मग एका रविवारी आम्ही टेप घेऊन मागचं पार्किंग मोजलं. 55 मीटर बाय 30 मीटर, पक्कं. आता स्पर्धेतली आठाच्या आकड्याची फेरी बघा. दोन वर्तुळं, आतला व्यास 15.25 मीटर, वाट 3 मीटर रुंद. पूर्ण आकडा 40 मीटर बाय 22 मीटरमध्ये बसतो! त्यातली एक फेरी 7 सेकंदांत मारली तर गाडीचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आतच असतो, पण टायरवर आडवा जोर गुरुत्वाच्या पाऊण पट येतो. म्हणजे सायकलपेक्षा थोड्या जास्त वेगात गाडीची सगळी लक्षणं दिसतात. पुढचं टोक बाहेर जातं की मागचं? टायरमधली हवा दोन पौंडांनी कमी केल्यावर काय होतं? एका वेळी एकच बदल करायचा, वहीत लिहायचं, पुन्हा फेरी. याला ना सर्किट लागतं ना लाखो रुपये.

ब्रेकचंही तसंच. कोरड्या पक्क्या जमिनीवर बऱ्यापैकी ब्रेक दर सेकंदाला 7 मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी करतो असं धरा. ताशी 40 वरून थांबायला 9 मीटर लागतात. एवढा वेग घ्यायला आमच्या गाडीला 15-20 मीटर पुरतात. 55 मीटरमध्ये हे सगळं होऊन वर जागा उरते.

आता तोच हिशेब पुढे नेऊ. 80 वरून थांबायला 35 मीटर. 120 वरून 79 मीटर. वेग तिप्पट, अंतर नऊपट! शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरा, 120 ला त्यातच 33 मीटर जातात. एकूण 112 मीटर.

हा आकडा मी मुद्दाम काढला. आपल्या हॉस्टेलमध्ये मॉडिफाय केलेल्या गाड्यांची हौस कमी नाही. सायलेन्सर कापलेला, आरसे काढलेले, मागे जाड टायर, पण ब्रेक मात्र कंपनीचाच जुना. रात्री जेवण झाल्यावर बायपासवर 'चेक' करायला जातात. आमच्याच मजल्यावरचा एक मित्र असाच चेक करायला गेला आणि पायात रॉड घेऊन आला. एक सेमिस्टर गेलं, घरच्यांची झोप गेली ती वेगळीच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या गाडीत असे फेरबदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. पण कायदा बाजूला ठेवा. रात्रीच्या बायपासवर 112 मीटरच्या आत काय असतं? बिनदिव्याची ट्रॉली असते, बसलेली गाय असते, शेतातून परतणारा कोणाचा तरी बाप असतो.

आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायची गरज नसावी. 1 जुलै 2023 च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. जे वाचले त्यांतले काही खिडकीची काच फोडून बाहेर पडले. स्पर्धेतला तो 5 सेकंदांत बाहेर येण्याचा नियम आम्हाला आधी पोरखेळ वाटायचा. सराव करताना ती बस आठवली आणि कोणी हसलं नाही.

म्हणजे वेग वाईट आहे असं मी म्हणतोय का? अजिबात नाही! या वयात वेगाची ओढ नसेल तर कधी असणार? माझं म्हणणं आहे की वेगाला जागा द्या, वेळ द्या आणि तपासणारा माणूस द्या. आजोबांना मी नंतर विचारलं की पटात थांबवायचे कसे. ते म्हणाले, "पट आखाच्या आधी आमी शेवटचं वावर पायत होतो. बैल थांबाले जागा नसन तर पट भरतच नव्हता." आता तर बैलांच्या शर्यतीलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावपट्टीच्या लांबीवर मर्यादा आहे. बैलांसाठी एवढा विचार होतो, मग पोरांसाठी का होऊ नये?

म्हणून तीन मागण्या. दोन कॉलेजकडे, एक आपल्याकडे.

पहिली: महिन्यातले दोन रविवार, सकाळी 6 ते 9, मागचं पार्किंग टीमला द्यावं. कोन मांडलेले, अग्निशामक हाताशी, हेल्मेट आणि पट्टे सक्तीचे, इंजिन बंद करायचं बटण बाहेरून हाताला येणारं, बघ्यांना भिंतीपलीकडे जागा, आणि एक सर हजर. सरांचा प्रश्न मला ठाऊक आहे, काही झालं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. पण सर, चाचणी आजही होतेच, रात्री साडेअकराला, अंधारात, कोणाच्याही परवानगीशिवाय. तिथे काही झालं तर जबाबदार कोण?

दुसरी: प्रोजेक्टचे मार्क काळ्या बाइंडिंगवरच्या सोनेरी अक्षरांना न देता चाचणीच्या वहीला द्यावेत. काय बिघडलं, का बिघडलं, काय बदललं, हे तारखेनिशी लिहिलेली मळकी वही. तेलाचे डाग असतील तर दोन मार्क जास्त!

तिसरी आपल्या सगळ्यांसाठी: स्पर्धेच्या एक महिना आधी गाडी बंद. म्हणजे नवीन पार्ट नाही, नवीन आयडिया नाही, फक्त चालवणं आणि दुरुस्त करणं. एवढ्या वेळात भारी डिझाइन होत नसेल तर साधं करा. साधी आणि दोनशे किलोमीटर चाललेली गाडी ही भारी आणि दोन चकरा मारलेल्या गाडीला ट्रॅकवर सहज मागे टाकते. आमची जुनी गाडी शेडमध्येच आहे, ज्युनिअर्सनी सरावाला घ्यावी. स्प्रॉकेटला लॉक नट आता लावले आहेत!

पुढच्या दिवाळीत माझे ज्युनिअर गाडीचे फोटो घेऊन गावी जातील. तिथल्या कुठल्या आजोबांनी "थांबते कशी?" असं विचारलं, तर त्यांच्याकडे उत्तर असावं. "40 वर 9 मीटरमध्ये थांबते आबा, तीस वेळा मोजलंय." एवढीच इच्छा आहे.

बघा, पटतंय का. आणि नसेल पटत तर शेडमध्ये या, भांडू. चहा आमच्याकडून!