नवी भाषा शिकताना मुलं गप्प का होतात? वर्गातल्या या शांततेचा अर्थ काय?

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. मेळघाटातल्या एखाद्या शाळेत घरी फक्त कोरकू बोलणारं मूल पहिलीत येऊन बसतं. ‘वही काढा’, ‘उभे राहा’, ‘नाव सांग’ हे सगळं त्याच्या कानावर मराठीत पडतं. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचं दूरचंही नातं नाही. इतरांकडे बघून मूल वही काढतं, उभंही राहतं. पण नाव विचारलं की तोंड उघडत नाही. हे कधी काही दिवस चालतं, कधी काही आठवडे.

महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या भाषांवर गेल्या काही काळात बरंच रण पेटलं. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हिंदी ही तिसरी भाषा पहिलीपासून अनिवार्य केली. विरोध झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. कोणती भाषा आणि कितवीपासून, यावर भरपूर बोललं गेलं. पण नवी भाषा समोर आल्यावर सहा वर्षांचं मूल पहिले काही आठवडे नेमकं काय करतं, हा प्रश्न बाजूलाच राहिला. बरीच मुलं करतात ते एकच, गप्प बसतात.

‘सायलेंट पिरियड’ म्हणजे काय?

भाषाशिक्षणाच्या अभ्यासात या टप्प्याला ‘सायलेंट पिरियड’ म्हणतात. मराठीत मौनकाळ म्हणता येईल. अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना लोकप्रिय केली. त्यांचं म्हणणं असं, की मूल आधी ऐकतं, ऐकलेल्यातून अर्थ लावतं आणि पुरेसं समजायला लागलं की आपसूक बोलतं. त्याआधी बोलायची सक्ती केली तर भीती वाढते. तान्हं बाळही पहिला शब्द उच्चारण्याआधी कितीतरी महिने नुसतं ऐकतच असतं, आणि त्याला कुणी मठ्ठ म्हणत नाही.

गप्प मुलाच्या डोक्यात काय चालतं?

याचं सगळ्यात रंजक उत्तर म्युरिएल सॅविल-ट्रॉइक यांच्या १९८८ च्या अभ्यासात सापडतं. चिनी, जपानी आणि कोरियन बोलणारी नऊ लहान मुलं अमेरिकेतल्या शाळेत इंग्रजीला पहिल्यांदाच सामोरी जात होती. त्यातल्या सहा जणांनी काही काळ इंग्रजी बोलणाऱ्यांशी संवादच जवळपास थांबवला. बघणाऱ्याला वाटावं, शिकणं ठप्प झालं.

पण मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन होते आणि त्यात वेगळंच ऐकू आलं. गप्प दिसणारी बहुतेक मुलं स्वतःशी पुटपुटत होती. दुसऱ्याच्या वाक्याचा शेवटचा तुकडा हळूच म्हणायचा, एकच शब्द फिरवून फिरवून घोळवायचा, एखादं वाक्य बोलण्याआधी मनाशी जुळवून बघायचं, असं सगळं चालू होतं. बाहेर शांतता, आत तालीम. ही पुटपुट इतकी हळू होती की शेजारी बसलेल्यालाही कळू नये. पन्नास मुलांच्या वर्गात फळ्याजवळ उभ्या शिक्षकाला ती कुठून ऐकू येणार?

मग मूल गप्प असेल तर नुसतं थांबायचं?

इथे सावध राहायला हवं. जॉन गिबन्स यांनी १९८५ मध्ये मौनकाळाचे पुरावे तपासले. सिडनीच्या प्राथमिक शाळांतल्या ४७ मुलांच्या त्यांच्या पाहणीत हा काळ सरासरी दोन आठवड्यांहून थोडाच जास्त निघाला आणि मुलामुलांत मोठा फरक दिसला. त्यांचा मुद्दा रास्त आहे. गप्प मूल ऐकून शिकत असेल किंवा काहीच न कळल्याने गोंधळून बसलं असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

कॅनडातला अनुभवही हेच सुचवतो. तिथे इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकली. त्यांना फ्रेंच उत्तम समजायचं, पण बोलताना व्याकरणाच्या चुका राहिल्या. नुसतं ऐकणं पुरत नाही, बोलायची संधीही लागते, असं मेरिल स्वेन यांनी त्यावरून १९८५ मध्ये मांडलं.

म्हणजे सहा महिने गप्प असलेल्या मुलाकडे ‘मौनकाळ चालू आहे’ म्हणून दुर्लक्ष करणं हा सोयीचा आळस झाला. सूचना कळतात का, बोट दाखवून उत्तर देतं का, ओठ हलतात का, हे बघावं लागतं. मूल घरीही बोलत नसेल तर प्रश्न भाषेपलीकडचा असू शकतो आणि डॉक्टरांना दाखवायला हवं.

एका सेकंदाची घाई

शांततेची दुसरी बाजू शिक्षकाकडे असते. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी मागे राहणारी मुलंही बोलू लागली. ही मुलं नवी भाषा शिकणारी म्हणून निवडलेली नव्हती. ऐकलेलं आधी मनात घरच्या भाषेत उलटवणाऱ्या मुलाला तर याहून जास्त वेळ हवा.

आपल्याकडे ‘सांग लवकर, सांग लवकर’ची सवय आहे. शिवाय ‘समजलं का?’ला सगळा वर्ग एका सुरात ‘हो बाई’ म्हणतो, आणि गप्प मूल त्या आवाजाखाली दडून जातं.

हिशेब कुठे अडतो?

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत असं लक्ष्य आहे. घरी मराठी बोलणाऱ्या आणि घरी कोरकू, माडिया किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाचं घड्याळ एकाच दिवशी सुरू होतं. शब्द मोजता येतात, समजलेलं पण न बोललेलं मोजायला तक्त्यात रकाना नसतो. मग ‘अप्रगत’ हा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलं आहे. पण शिक्षकालाच कोरकू येत नसेल, तर वर्गात घरच्या भाषेतलं एक वाक्य तरी कोण बोलणार? अशा शाळेत गप्प मूल तपासायची सोपी जागा म्हणजे दुपारच्या खिचडीची रांग. वर्गात तोंड न उघडणारं तेच मूल तिथे पुढच्याला ढकलत, हसत कोरकूत अखंड बडबडत असेल, तर त्याच्या डोक्याबद्दल शंका घ्यायचं कारण उरत नाही.