पाडव्याच्या संध्याकाळी पाण्याला ओढ असते

दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन मुरुडला येणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. गाडीत सामान भरायच्या आधी एवढं वाचा.

हे दापोली तालुक्यातलं, कर्दे आणि हर्णैच्या मधलं मुरुड. नुसतं मुरुड म्हटलं की पुष्कळांना रायगडातलं जंजिऱ्याशेजारचं आठवतं. तिथे १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती कॉलेजातली धडधाकट मुलं होती. तुमच्याबरोबर असतात ती तीन-चार वर्षांची.

आमचा किनारा दिसायला गरीब आहे. रुंद, सपाट, घट्ट वाळूचा. म्हणूनच आईबाप मुलांना इथे अंगणात सोडावं तसं सोडतात. पण दिवाळी अवसेला येते, हे शहरात कॅलेंडरवर फराळाच्या तारखा बघताना लक्षात येत नाही. अवसेपुनवेच्या आसपास उधाणाची भरती असते, आणि जितकं पाणी चढतं तितकंच जोरात उतरतं. त्याचा जोर पुढचे एक-दोन दिवस टिकतो. म्हणजे नेमके पाडवा आणि भाऊबीज, आमच्याकडे सगळ्यात जास्त गाड्या येतात तेच दिवस.

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. पाडव्याला पाऊण, भाऊबिजेला दीड. तिथून सुमारे सहा तास पाणी उतरत राहतं. तुम्ही जेवून, झोप काढून, चहा पिऊन साडेचार-पाचला किनाऱ्यावर येता तेव्हा ओहोटी भरात असते. लाट बारीक दिसते, पाणी लांब गेलेलं दिसतं, आणि ‘आता काही धोका नाही’ असं वाटतं. आम्ही त्या वेळी आमच्या पोरांना पाण्यात सोडत नाही.

मागे एका भाऊबिजेला आमच्या वाडीसमोर एक कुटुंब होतं. बाबा व्हिडिओ काढत होते, आई ओले कपडे पिळत होती, आणि मुलगी दुसऱ्याजवळ आहे असं दोघांनाही वाटत होतं. लाटेनं तिची एक चप्पल नेली होती. ती धरायला ती उतरत्या पाण्यामागे एकेक पाऊल चालली होती. पाणी जेमतेम घोट्याएवढं. पुढची लाट आली, पोर मटकन खाली बसली, आणि मागे फिरणारं पाणी तिला बसल्या बसल्या घेऊन निघालं. ती ओरडली नाही. नाकातोंडात पाणी गेलेलं मूल ओरडत नाही. जाळं आवरणाऱ्या एकाची नजर गेली म्हणून फ्रॉक हाताला लागला. नंतर आई किती वेळ त्या उरलेल्या एका चपलेतली वाळू झटकत बसली होती.

म्हणून मूल पाण्याजवळ असेल तोवर एका मोठ्या माणसानं फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायचं. कुणी, ते तोंडानं बोलून ठरवा. त्याचा मोबाइल दुसऱ्याच्या खिशात. आणि मुलाचं मनगट धरा, बोटं नकोत. ओली बोटं निसटतात.

डॉल्फिन बघायला होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट चढवल्यावर ते खांद्याशी धरून वर ओढून बघा. कानांपर्यंत सरकलं तर ते त्या मुलाच्या मापाचं नाही. मापाचं नसेल तर खाली उतरा, भरलेल्या पैशांचा विचार करू नका. आमच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले, तेव्हा वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. होडीशी असं अडवणारं कुणी असेलच असं नाही. ते काम आईबापांचं.

गाडी वाळूवर आणू नका. किनाऱ्यावर गाड्यांच्या चकरा चालतात तिथेच मुलं खाली बसून किल्ले करत असतात, आणि मागे घेणाऱ्या चालकाला बसलेलं मूल दिसत नाही. शिवाय ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती गाडीची वाट बघत नाही.

खरं सांगायचं तर इतक्या लहान मुलांना होडी, घोडागाडी यातलं काही लागतही नाही. सकाळी साडेसात-आठला या. कोरड्या वाळूच्या कडेला कुर्ल्यांची बिळं असतात, भोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी. तुम्ही हललात की कुर्ली आत, थांबलात की बाहेर. तासभर मूल तिथून उठत नाही.

संध्याकाळी सहानंतर झपाट्यानं अंधार पडतो आणि गर्दीत मूल चुकतं. त्याच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. काही झालंच तर ११२ लावा, रुग्णवाहिकेला १०८. दापोली इथून बारा-तेरा किलोमीटर, रस्ता वळणाचा, सुट्टीत त्यावर गाड्यांची रांग. मदत यायला वेळ लागतो, हे धरूनच चाला.

आणि किनाऱ्यावर पाय ठेवायच्या आधी आमच्यापैकी कुणालाही हटकून विचारा, पाणी चढतंय की उतरतंय. शहाळीवाला सांगेल, शाळेतलं पोरही सांगेल.