सायकल घ्या, उचल वाढवू नका

गेवराई तालुक्यातील उमापूरहून एका समाजबांधवाचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती रास्त आहे. नाव छापले तर सगळा बेतच फसेल. त्यांच्या पत्नी वस्तीवरच्या शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवतात. घरापासून शाळा साडेतीन किलोमीटर. सकाळी पायी जायचे, दुपारी पायी यायचे, येताना डोक्यावर सरपण. यंदा अशोक विजयादशमीला त्यांना न सांगता नवी सायकल दारात आणून उभी करावी, असे या बांधवाच्या मनात आहे. कोणती घ्यावी, केवढी घ्यावी आणि लोक हसतील काय, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पत्राच्या तळाशी जाता जाता एक ओळ आहे : पैशाची काळजी नाही, मुकादम यंदाच्या उचलीत तेवढे वाढवून देतो म्हणाला आहे.

आम्ही या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो.

उचल म्हणजे काय हे बीड जिल्ह्यातील वाचकांना सांगायला नको. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादम रक्कम देतो आणि ती फडात राबून फेडायची असते. पण या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. सही किंवा अंगठा नवऱ्याचा असतो, राबणारे हात मात्र चार. या बांधवाच्या पत्नीने मुलांच्या शाळेसाठी दोन वर्षांपासून फडावर जाणे थांबवले आहे, असे पत्रातच लिहिले आहे. आता वाढीव उचल अंगावर आली आणि ऐन हंगामात हे भाऊ आजारी पडले, किंवा मुकादम ‘पूर्ण कोयता आणा’ म्हणून अडून बसला, तर ती फेडायला कोणाला जावे लागेल? ज्या बाईसाठी सायकल घेतली तिलाच. वस्तीवरची शाळा सुटेल, मुले कोणाच्या तरी दारी राहतील आणि नवी सायकल सहा महिने कुलपात धूळ खाईल. भेट गुप्त ठेवायला आमची हरकत नाही, कर्ज गुप्त ठेवायला आहे. बचत गटाचे कर्ज किंवा आठवड्याच्या हप्त्याची कंपनी, यांनाही हेच लागू.

जुन्या वाचकांना आठवत असेल, एके काळी आपल्याकडे लग्नात जावयाला सायकल, घड्याळ आणि रेडिओ देण्याचे लोण आले होते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, धम्मदीक्षा १९५६ ची. तरी पंचशील घेऊन लागलेल्या लग्नांतसुद्धा मांडवाच्या कडेला हार घातलेली काळी सायकल उभी असे. मुलीच्या बापाने त्यासाठी शेळ्या विकलेल्या असत किंवा सावकाराचे पाय धरलेले असत. त्या सायकलीवर जावई बसला, पुढच्या दांड्यावर मूल बसले, आणि जिच्या बापाने ती दिली ती मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली. हँडल तिच्या हाती क्वचितच आले. म्हणून उमापूरच्या पत्राने आम्हांस मनापासून आनंद झाला. इथे सायकल उलट्या दिशेने निघाली आहे.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पत्नीला मान द्यावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्या स्वाधीन करावा आणि तिला अलंकार द्यावेत. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात पती-पत्नीसाठी हाच उपदेश घेतला आहे. रोज सात किलोमीटर चालणाऱ्या बाईला सायकल हा अलंकारच म्हणायचा. पण अलंकार पाचवा आहे. त्याच्या आधी अधिकार आहे, पालीत ज्याला ‘इस्सरियवोस्सग्ग’ म्हटले आहे. घरात कर्ज घ्यायचे की नाही हे त्या अधिकारातच येते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग महिलांची परिषद भरली होती. तिथे बाबासाहेबांनी भगिनींना सांगितले की, पत्नीने पतीच्या पाठीशी उभे राहावे, पण मित्र म्हणून, बरोबरीच्या नात्याने. दासी होण्यास तिने नकार द्यावा.

तेव्हा पैसा साठवावा. विजयादशमीला जमत नसेल तर १४ एप्रिल आहे, बुद्ध पौर्णिमा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दुकानदाराकडून पक्की पावती मागून घ्यावी. तेवढेही नसेल तर चांगली जुनी सायकल पाहून टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर नवे टाकावेत. जुनीला कमीपणा मानू नये.

आता मापाचे. गेवराईला किंवा शेवगावला दुकानात जाऊन नुसते ‘लेडीज द्या’ म्हणू नये. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळालेल्या असतात. शेजारच्या एखाद्या मुलीची अंगणात उभी असेल तर थट्टेथट्टेत पत्नीला तिच्यावर बसायला लावावे. नव्याने शिकणाऱ्या माणसाचे सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. हात बसला की सीट वर घ्यावी, इतकी की खालच्या पायडलवर पाय असताना गुडघा थोडासाच वाकेल. सीट कायम खाली ठेवली की गुडघे दुखतात, आणि मग ‘मला नाही जमत’ म्हणून सायकल भिंतीला लागते. साडी नेसून चालवायची असेल तर मधला दांडा नको, चेनकव्हर पूर्ण हवे आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. पदर चाकात गेला तर जिवावर बेतते. कॅरिअर मजबूत घ्यावे, सरपण त्यावर येईल. गिअरच्या, जाड टायरच्या चकचकीत सायकलींच्या नादी लागू नये. त्या काळ्या मातीच्या चिखलात आपल्या साध्या सायकलीइतक्याच रुततात, आणि बिघडल्या की गावात दुरुस्त होत नाहीत. बाभळीचे काटे मात्र सगळ्यांना सारखेच. पंप आणि पंक्चरचे सामान सोबतच घ्यावे, आणि पंक्चर काढायला पत्नीनेही शिकावे.

लोक हसतील काय? हसतील. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली, तेव्हाही त्यांना शेरे ऐकावे लागले. हजारो शेतमजूर बायका तरीही शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी जेन्ट्स घेतल्या, आणि काहींना त्याच आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते. उमापुरात शिकवणी कुठे घ्यायची हे या बांधवाने ठरवावे. आमचा सल्ला असा की पहाटे, मोकळ्या मैदानावर, आणि मागून कॅरिअर धरायला नवऱ्याने स्वतः असावे. दुसऱ्या कोणावर सोपवू नये. ओरडू तर मुळीच नये.

पावती पत्नीच्या नावावर करावी. कुलपाच्या दोन्ही किल्ल्या तिच्याकडे द्याव्यात. नवी सायकल महिनाभर चालली की नट-बोल्ट आणि तारा सैल पडतात, तेव्हा पुन्हा दुकानात नेऊन कसून घ्यावी आणि चाकाचा आऊट काढून घ्यावा. ती न्यायला आयुष्मतींनी स्वतः, सायकलवर बसून जावे.