तुळईचे गणित : एक सार्वजनिक ठेवा

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावात आज मातीच्या भिंतींची व सागवानी तुळयांची घरे मागे पडून सिमेंटच्या स्लॅबची घरे उभी राहताना दिसतात. ही प्रगतीच आहे. तीबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु या स्थित्यंतरात एक मोलाची गोष्ट हातून निसटली, तिच्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. तुळई उभ्या अंगाने का बसवावी, हे जुन्या सुताराला परंपरेने ठाऊक होते. १० बाय २० सेंटिमीटरची तुळई आडवी न टाकता उभी बसविली, तर ती दुप्पट भार पेलते आणि तिचा झोल चौथाईवर येतो. शिवाय लाकूड मोडण्यापूर्वी वाकते, करकरते, सूचना देते. काँक्रीटच्या बीमचे बळ मात्र त्याच्या पोटातील सळयांत असते, आणि एकदा ओतकाम झाले की त्या किती आहेत व कोठे आहेत, हे घरमालकाला दिसत नाही.

आणि त्या कोठे आहेत, यावरच सारे अवलंबून असते. दोन भिंतींवर टेकलेला बीम भाराने वाकला की त्याची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण सोसण्याची त्याची शक्ती त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी. म्हणून सळया खालच्या अंगास. परंतु भिंतीबाहेर काढलेल्या गॅलरीत हे चित्र नेमके उलट होते. तेथे ताण वरच्या बाजूस येतो आणि सळया वर नसतील तर त्या असून नसल्यासारख्या. ओतकामाच्या वेळी मजुरांच्या पायाखाली वरची जाळी दबून खाली गेली, तरी परिणाम तोच. त्यातच, समान भाराखाली तेवढ्याच लांबीच्या दोन टेकूंवरील बीमपेक्षा गॅलरीच्या मुळाशी वाकविणारे परिबल चौपट असते आणि टोकाचा झोल जवळजवळ दहापट. एरवी वाळवणाची परडी सांभाळणारी गॅलरी मिरवणुकीच्या दिवशी माणसांनी भरते, तेव्हा या गणिताची परीक्षा होते.

खोलीच्या लांबीचेही तसेच. तीन मीटरची खोली चार मीटरची केली, तर खर्च तिसऱ्या हिश्शाने वाढेल असा सामान्य समज असतो. वस्तुतः दर मीटरमागे भार तोच धरला तरी परिबल पावणेदोन पटींहून अधिक होते आणि बीमचा आकार तोच ठेवल्यास झोल तिपटीच्या पुढे जातो. आपल्या काळ्या जमिनीने यात आणखी एक भर घातली आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पायांना हलविते. दोन खोल्यांवरून सलग गेलेल्या बीमची मधली भिंत खचून आधार पुरता सुटला, तर दोन लहान गाळ्यांचा एक मोठा गाळा होतो, परिबल चौपट होते आणि जेथे वरून ताण होता तेथे तो खालून येतो.

हे ज्ञान नवे नाही. गॅलिलिओने १६३८ साली हा प्रश्न हाताळला. तुळईची ताकद त्याने प्रत्यक्षाच्या तिप्पट धरली. फ्रान्समधील नाव्हिए याने १८२६ साली त्याची आजची मांडणी सिद्ध केली. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे हे गणित मानवजातीच्या मालकीचे आहे. मग ते गावातील मिस्त्रीपर्यंत का पोहोचू नये?

येथे अर्थशास्त्राचा एक साधा सिद्धांत लागू पडतो. सिमेंटची गोणी एका घराला वापरली की दुसऱ्याला उरत नाही. गणिताचे तसे नाही. चार मीटरच्या बीमचे गणित एकदा नीट केले की ते हजार घरांना पुरते आणि हजाराव्या घराला त्याचा खर्च शून्य असतो. अशा वस्तू बाजार पुरेशा प्रमाणात पुरवीत नाही. त्या समाजालाच पुरवाव्या लागतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी २०१६ पासून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. एवढ्या रकमेत घर बांधणाऱ्याने अभियंत्याची फी द्यावी, ही अपेक्षाच अवास्तव होय. त्या योजनेत नमुना आराखडे आहेत, गवंड्यांचे प्रशिक्षणही आहे, हे नमूद केले पाहिजे. परंतु घर तेवढ्यावर थांबत नाही. मुलगा कमावता झाला की गॅलरी निघते, वर मजला चढतो; तेथे कोणताही आराखडा नसतो.

तेव्हा सूचना अशी की, यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनाने व जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने मिळून नेहमीच्या गाळ्यांसाठी सोप्या मराठीत कोष्टके तयार करावीत : लांबी एवढी तर बीमची उंची एवढी, सळया इतक्या, आणि त्या वर की खाली, हे चित्रासह. ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावीत. ओतकामापूर्वी सळया पाहण्यासाठी जाणत्या माणसाची एक फेरी व्हावी. कोष्टकाबाहेरचे बांधकाम असेल तर मात्र अभियंत्याला पर्याय नाही, हेही त्यावर ठळक लिहावे.

१५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जीव गेले. राहत्या खोलीसाठी आपली मानके दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, तर गर्दी जमणाऱ्या जागेसाठी ५०० किलो. हा फरक कागदावर सर्वांना ठाऊक असतो. तो ज्याच्या पायाखाली असतो त्याला मात्र कोणी सांगत नाही. दुर्घटनेनंतर चौकशी समिती नेमण्यास लागतो त्याहून कितीतरी कमी खर्च एका कोष्टकास लागतो. तो आधी करणे, यालाच नियोजन म्हणतात.