तापीचे भोंवरे आणि सूर्यावरचे डाग

पावसाळ्यांत प्रकाशा येथें तापीचा पूर ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना भोंवरा म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. मोठ्या भोंवऱ्यांतून लहान निघतो, त्यांतून त्याहून लहान. सूर्याच्या पृष्ठाखालीं उकळणाऱ्या वायूंतही असेच भोंवरे आहेत. मात्र तो वायु इतका तप्त आहे कीं त्यांतील विद्युत्कण सुटे झालेले आहेत, म्हणून त्यावर चुंबकाची सत्ता चालते.

चुंबकरेषा दुर्बल असल्या तर प्रवाह त्यांना पिळतो, ताणतो, व त्या ताणानेंच त्या बलवान् होतात. मग त्याच प्रवाहाला आवरूं लागतात: रेषांच्या दिशेनें त्यानें खुशाल वाहावें, आडवें जाणें कठीण. सूर्यावरील डाग हें याचें ढळढळीत उदाहरण होय. तेथील चुंबकत्व पृथ्वीच्या कित्येक हजारपट. तें खालची उकळी वर येऊं देत नाहीं, म्हणून तेवढी जागा एक ते दोन हजार अंशांनीं थंड राहते व काळी दिसते.

आमचे वर्ग मात्र लोहकीस व नालाकृति चुंबक यांपाशींच थांबतात. हें मला खटकतें. पालक विचारतात, सूर्याच्या डागांशीं आमच्या मुलाला काय करावयाचें? प्रश्न रास्त आहे. पिळलेल्या रेषा एकाएकीं तुटून पुन्हां जुळतात, तेव्हां सूर्यावर स्फोट होतो. १ सप्टेंबर १८५९ च्या स्फोटानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलें. कुलाब्याच्या वेधशाळेंत डोळ्यांनीं पाहून लिहिलेल्या नोंदींत आडवें बल सुमारें १६०० नॅनोटेस्ला घसरलेलें आहे. जगांतील शास्त्रज्ञ आजही त्या नोंदी चाळतात. मार्च १९८९ च्या वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास गेली. आतां तर वीज गांवोगांवीं आहे.

मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं हें काम अलिबागेस, लोखंड वर्ज्य करून बांधलेल्या इमारतींत नेलें. आमच्या सहली अलिबागचा किल्ला पाहून परततात!

धानोऱ्यास वेधशाळा नाहीं. पण एक लहान दुर्बीण मिळवितां येईल. तिला डोळा न लावतां सूर्याचें बिंब पांढऱ्या कागदावर पाडावें, व रोज ठराविक वेळीं डाग काढून ठेवावे. सुमारें सत्तावीस दिवसांनीं तोच डाग पुन्हां समोर येतो कीं मधेंच विरतो, हें आठवीच्या मुलांनीं शिक्षकांस सांगावें.