गाणं आधी कुणीतरी ऐकावं लागतं

परवा जेवणाच्या सुट्टीत टीममधला एक पोरगा म्हणाला, "नवीन गाणी शोधायची गरजच काय आता? दर सोमवारी स्पॉटिफाय तीस गाणी काढून ठेवतं. माझी आवड त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते." मी गुपचूप भेंडीची भाजी संपवली. ऑफिसात मी वाद घालत नाही. त्यासाठी शनिवार आहे आणि तुम्ही आहात.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. यंत्राला नवीन गाणं सापडत नाही. ते आधी एखाद्या माणसाला सापडतं, आणि मग यंत्र ते वाटत सुटतं. शोधायचं काम आपण सगळ्यांनीच यंत्रावर सोपवलं, तर वाटायला नवीन काही उरणार नाही.

हे मी संगीतातला जाणकार म्हणून बोलत नाहीये (मला टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही). असं एक यंत्र मी स्वतः बनवलंय, म्हणून बोलतोय. एका ऑनलाइन दुकानासाठी 'ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं' हा प्रकार लिहिण्यात माझं दीड वर्ष गेलं. कुकर घेणाऱ्याला शिट्टी दाखवायची, एवढंच ते. पण नवीन वस्तू आली की आमची पंचाईत व्हायची. ती कुणी घेतलेलीच नाही, मग दाखवायची कुणाला? आणि दाखवली नाही तर कोण घेणार? आमच्या धंद्यात याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. आजकाल गाण्याचा आवाज तपासून, लय वगैरे मोजून यावर तोडगा काढतात. पण त्यातही शेवटी बघतात काय, तर हे गाणं आधीच्या कुठल्या गाण्यासारखं आहे! जे कशासारखंच नाही, त्याचं काय?

पंक नेमकं तिथे असतं.

१९७८ सालची गोष्ट घ्या. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीची पाच पोरं, बँडचं नाव अंडरटोन्स. बेलफास्टमध्ये टेरी हूली नावाच्या माणसाचं 'गुड व्हायब्रेशन्स' हे रेकॉर्डचं दुकान होतं. दंगली आणि बॉम्बस्फोटांनी पोखरलेलं शहर, आणि हा गडी तिथे रेकॉर्ड विकतोय! त्याने पोरांचं 'टीनेज किक्स' स्वतः छापलं. लंडनच्या कंपन्यांकडे घेऊन गेला तर सगळ्यांनी हात वर केले. मग ते बीबीसीच्या जॉन पीलच्या हातात पडलं. त्याने ते रेडिओवर लावलं, आणि संपल्यावर लगेच पुन्हा लावलं. त्यानंतर अमेरिकेच्या सायर कंपनीने त्यांना करारबद्ध केलं.

हा पील १९६७ पासून २००४ मध्ये जाईपर्यंत रेडिओ वनवर होता. लोक पोत्यांनी रेकॉर्ड आणि कॅसेट पाठवायचे आणि तो ते ऐकत बसायचा. कधीकधी चुकीच्या स्पीडवर रेकॉर्ड लावायचा. माझ्या कोडने तेवढ्या चुका केल्या असत्या तर मला घरी बसवलं असतं. पण 'टीनेज किक्स' दोनदा लावायचं कारण कुठल्या आकड्यात नव्हतं. त्याला ते आवडलं होतं, बस्स.

आता कुणी म्हणेल, हे जुन्या लोकांचं रडगाणं झालं. बरं, अलीकडचं सांगतो. नायजरमधला तुआरेग गिटारवाला एमदू मोक्तार. पहिली गिटार त्याने स्वतःच बनवली, तारांच्या जागी सायकलच्या केबल. २००८ मध्ये नायजेरियातल्या सोकोतोत त्याने गाणी रेकॉर्ड केली. ती पसरली कशी? मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून आणि ब्लूटूथने, या फोनमधून त्या फोनमध्ये. (आपणही कॉलेजच्या कट्ट्यावर हेच करायचो, आठवतंय?) तिथून ती सहेल साउंड्स हे लेबल चालवणाऱ्या क्रिस्टोफर कर्कलीपर्यंत पोचली. त्याने एक गाणं आपल्या संग्रहात घेतलं आणि मग या माणसाला हुडकून काढलं. २०२१ मध्ये 'आफ्रिक व्हिक्टिम' हा त्याचा अल्बम न्यूयॉर्कच्या मॅटाडोर लेबलने काढला. आज यंत्र तुम्हाला एमदू सुचवेलही. पण त्याच्याआधी किती हातांनी तो पुढे सरकवलाय ते बघा.

टीममधला पोरगा यावर म्हणेल, मारिया ताकेउचीचं १९८४ सालचं 'प्लॅस्टिक लव्ह' युट्यूबच्या यंत्रानेच जगभर पोचवलं की. मान्य. (ते पॉप आहे, पण असो.) यंत्र पोचवतं छानच. पण ते तिथे चढवलं कुणी? कुणा चाहत्यानेच ना!

आणि यात पैशाचाही प्रश्न आहे. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. तो पैसा इतर गाण्यांच्या वाट्याला जातो. म्हणजे ज्याला कुणी ओळखत नाही त्याच्या ताटातली चतकोर पोळी उचलून भरल्या ताटात वाढायची. रक्कम किरकोळ असेल हो, पण दारावरची पाटी स्पष्ट आहे: आधी ओळखीचे व्हा, मग या.

मग करायचं काय? मी करतो ते सांगतो. आवडलेला बँड कुठल्या लेबलचा ते बघायचं आणि त्या लेबलचे बाकीचे बँड ऐकायचे. क्योटोचा ओटोबोके बीवर आवडला, तर त्यांचं डॅमनेबली हे लेबल आख्खं चाळायचं. बँडकॅम्पवर अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची चित्रं दिसतात. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्याचं सगळं कपाट उघडतं. अनोळखी माणसाचं कपाट बघण्यात जी मजा आहे, ती सोमवारच्या तीस गाण्यांत नाही. सिअॅटलचं केईएक्सपी रेडिओ स्टेशन नेटवर फुकट ऐकता येतं आणि तिथे गाणी माणसं निवडतात. आणि आवडलं तर विकत घ्यायचं. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प साधारण १५ टक्के ठेवून घेतं, बाकीचे बरेचसे बँडला जातात. (बँडकॅम्पही काही देवघर नाही. २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन वर्षांत ते विकलं गेलं आणि दुसऱ्या वेळी जवळपास निम्म्या लोकांची नोकरी गेली. म्हणून घेतलेली गाणी उतरवून घरच्या डिस्कवर ठेवा.)

दहा गाण्यांतली आठ टाकाऊ निघतात, हेही सांगून ठेवतो. दोनसाठी आठ ऐकावी लागतात. मी यंत्र लिहायचो तेव्हा आमचं सगळं डोकं ती आठ तुमच्यापासून लपवण्यात खर्च व्हायचं. आज वाटतं, तुम्हाला काय आवडत नाही हे तुमचं तुम्हाला कळायची सोयच आम्ही काढून घेतली.

असो. सोमवारी त्या पोराला एक गाणं पाठवणार आहे. कुठलं ते इथे सांगत नाही, तुमचं तुम्ही शोधा. आणि सापडलं की एकट्याने ऐकत बसू नका, कुणाला तरी पाठवा.